रोज एक छायाचित्र, वर्षभर, गोव्याच्या हवेत: रिको जीआर 3 वापरून पाहिल्यानंतर

9 एप्रिल 2024 रोजी गुढीपाडवा होता. त्या सकाळी फोंड्याच्या आमच्या घरासमोरच्या गुढीचे छायाचित्र काढून मी रोज एक छायाचित्र काढण्याचा नेम धरला आणि 8 एप्रिल 2025 रोजी 365वे छायाचित्र काढून तो पुरा केला. मध्यंतरी 30 मार्चला पुढचा पाडवाही येऊन गेला, कारण पंचांगाचे ते वर्ष दहा दिवसांनी लहान होते. मी मात्र इंग्रजी तारखांचा हिशेब धरला होता. हे सारे काम मी रिको जीआर 3 या एकाच कॅमेऱ्यावर केले. रोजच्या छायाचित्राचा छंद, तोही गोव्यासारख्या दमट प्रदेशात आणि नोकरी सांभाळून, या कॅमेऱ्यावर कितपत निभावतो, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला येथे द्यायचे आहे.

हा नेम मी यापूर्वी दोनदा धरला होता आणि दोन्ही वेळा मोडला होता. पहिल्यांदा तेविसाव्या दिवशी, दुसऱ्यांदा दीड महिन्याच्या आसपास. तेव्हा माझ्याकडे झूम लेन्सचा मोठा कॅमेरा होता आणि लेन्ससकट त्याचे वजन किलोच्या वर जात असे. डबा, छत्री आणि कार्यालयाची कागदपत्रे घेऊन सकाळी कदंबच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसाने त्यात तो कॅमेराही वागवायचा म्हटले की दोन आठवड्यांत खांदा बोलू लागतो, मग कॅमेरा एक दिवस घरी राहतो, नेमका त्याच दिवशी रायबंदरला मांडवीवर सुरेख प्रकाश पडतो, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे छायाचित्र काढून कसाबसा दिवस भरावा लागतो. असे चार-पाचदा झाले की मन उतरते. म्हणून तिसऱ्या वेळी मी आधी कॅमेरा बदलला. मडगावच्या एका विवाहछायाचित्रकाराकडून हा जीआर 3 वापरलेल्या स्थितीत घेतला.

बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन 257 ग्रॅम आहे. लांबी साधारण 11 सेंटिमीटर, उंची 6 सेंटिमीटरच्या थोडी वर आणि जाडी तीन-साडेतीन सेंटिमीटर. कुडत्याच्या खिशात तो मावतो, आणि खिशात आहे हे थोड्या वेळाने विसरायला होते. एवढ्या लहान अंगात 24 मेगापिक्सेलचा एपीएस-सी आकाराचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, आहे; बऱ्याच मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढाच. लेन्स मात्र एकच, न बदलता येणारी आणि झूम नसलेली: 18.3 मिलिमीटर, एफ 2.8, जी जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या मापात 28 मिलिमीटरसारखे रुंद दृश्य दाखवते. या घराण्याची सुरुवात 1996 मध्ये जीआर 1 या फिल्म कॅमेऱ्याने झाली. जीआर 3 बाजारात आला 2019 मध्ये. आधीच्या जीआरमध्ये छोटा फ्लॅश होता, तो यात काढून टाकलेला आहे.

बटण दाबल्यापासून कॅमेरा तयार व्हायला सेकंदाहून कमी वेळ लागतो. रोजच्या छायाचित्रासाठी हा गुण किती मोलाचा आहे हे मला बसमध्ये कळले. आमची बस जुन्या गोव्याहून रायबंदरमार्गे पणजीकडे निघाली की पुढे 1633-34 मध्ये बांधलेल्या जुन्या लांबलचक सेतुमार्गावर येते. एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरे असा तो साधारण तीन किलोमीटरचा पट्टा आहे. खिडकीची जागा मिळाली आणि मिठागरातल्या पाण्यात ढग उतरलेले दिसले, तर हातात फार तर चार सेकंद असतात. खिशातून कॅमेरा काढणे, चालू करणे आणि छायाचित्र घेणे त्या चार सेकंदांत बसते. माझ्या 365 छायाचित्रांपैकी 41 या एवढ्या तुकड्यावरची आहेत आणि त्यांतली निम्मी तरी मला आजही आवडतात.

याच्या जोडीला ‘स्नॅप फोकस’ ही सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचे आणि बटण एका दमात पूर्ण खाली दाबायचे. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, ठरवलेल्या अंतरावर थेट छायाचित्र घेतो. मी अंतर 2 मीटर आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचे छिद्र, एफ 8 असे ठेवले होते. एवढ्या लहान फोकल लांबीच्या लेन्सला या मापांवर साधारण एक मीटरपासून बऱ्याच दूरपर्यंतचे सारे स्पष्ट मिळते. पहाटे आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो, तो वळणावर दिसतो न दिसतो तोच पुढच्या घराशी पोचलेला असतो. त्याचे जे छायाचित्र मला साधले त्यात भोंप्यावरचा त्याचा आवळलेला हात, पाठीमागच्या टोपलीवरचे निळे प्लास्टिक आणि त्याखालून निघालेली पावांची वाफ हे सगळे एकाच वेळी नीट आलेले आहे. आधीच्या कॅमेऱ्यावर मी हेच छायाचित्र तीन वेळा चुकवले होते.

आता लेन्सविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हा कॅमेरा घ्यावा की घेऊ नये याचा निर्णय तिच्यावरच ठरतो. 28 मिलिमीटरच्या दृश्यात समोरचे खूप काही मावते, आणि म्हणूनच दूर उभे राहून काढलेल्या छायाचित्रात काहीच दिसत नाही. माणूस हवा असेल तर त्याच्यापासून दोन-तीन हातांवर जावे लागते. झूमच्या सवयीने मी पहिले पंधरा दिवस बाजाराची जी छायाचित्रे काढली ती सगळी रिकामी निघाली: वर आभाळ, खाली रस्ता आणि मधे मुंगीएवढी माणसे. मग मी पुढे सरकायला लागले. पण एवढ्या जवळून कोणाचेही छायाचित्र चोरून काढता येत नाही, काढूही नये, त्यामुळे विचारणे आले. फोंड्याच्या मासळीबाजारात मी एका बांगडेवालीला विचारले, ‘बाय, फोटो काडूं?’ ती म्हणाली, ‘काड गो, पूण पयलीं बांगडे घे.’ मी अर्धा डझन बांगडे घेतले. ती पैसे मोजत होती तेव्हा तिच्या बोटांना चिकटलेली खवले, ओली होऊन पारदर्शक झालेली दहाची नोट आणि मागे टोपलीतल्या बर्फावर पसरलेला निळसर उजेड हे मला हातभर अंतरावरून मिळाले. वर्षभरातले माझे सर्वांत आवडते छायाचित्र तेच आहे. झूम असती तर मी पलीकडच्या पायरीवरून ते काढले असते आणि त्यात ती नोट दिसली नसती.

ज्यांना अनोळखी माणसांशी बोलणे जड जाते त्यांनी हे लक्षात घ्यावे. मलाही ते जड जात असे आणि सवय व्हायला तीन महिने लागले. ज्यांना एवढे रुंद दृश्य मुळातच नको असेल त्यांच्यासाठी याच कॅमेऱ्याची जीआर 3एक्स ही 2021 मधली आवृत्ती आहे. तिची लेन्स 40 मिलिमीटरसारखे, म्हणजे डोळ्याला अधिक सरावाचे दृश्य दाखवते.

खोलीत मात्र 28 मिलिमीटरला तोड नाही. चवथीला आमच्या घरी देवाच्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगलेली चौकट, बांधतात. ती खोली जेमतेम दहा फूट रुंद. तिथे गणपती, समई, वर माटोळी आणि खाली बसलेली माणसे हे सारे एका चौकटीत आणायचे तर रुंद लेन्सच लागते. त्यानंतर मी मॅक्रो चालू केला. या पद्धतीत कॅमेरा 6 ते 12 सेंटिमीटरवरून फोकस करतो. माटोळीला टांगलेला सुपारीचा घोस, आंबाडे, तोरिंजनाची खडबडीत साल, कांगणांचे पिकून उकललेले लालकेशरी दाणे यांच्यावर मी एकेक दिवस घालवला आणि दीड दिवसाचा गणपती पोचवून झाल्यावरही पुढचे तीन दिवस माझी छायाचित्रे त्या माटोळीचीच होती. जुलैत रानातल्या वारुळावर उगवलेली अळमी, म्हणजे अळंबी, पाहायला गेले तेव्हा पोटावर आडवे पडून एका छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांचे छायाचित्र घेतले. त्या पापुद्र्यांमध्ये लाल मातीचा एक कण अडकलेला होता, तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहीपर्यंत मला दिसलाच नव्हता.

अंधारातही हा कॅमेरा चांगला साथ देतो. सेन्सर हलवून हाताचा कंप सावरण्याची यंत्रणा त्यात आहे, त्यामुळे स्थिर गोष्टींसाठी सेकंदाच्या आठव्या भागाएवढा वेळही हातात धरून चालतो. ती यंत्रणा माझा हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही, हे नवख्या माणसाने ध्यानात ठेवावे. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात तेव्हा ज्वाळा आणि पळणारी मुले टिपायला मला आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, 6400 पर्यंत न्यावी लागली. छायाचित्रात दाणे दिसतात, पण ते डोळ्याला खुपत नाहीत. शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे त्याचा आवाज जवळजवळ येत नाही. देवळाच्या मंडपात भजन चालू असताना, आधी विचारून, मी पखवाजवाल्याच्या शेजारी बसून छायाचित्रे काढली आणि त्याने एकदाही मान वळवली नाही.

दुपारच्या उन्हाची गोष्ट निराळी. पणजी साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. ते छायाचित्र मला हवेच होते आणि ते मी कार्यालयाच्या आवारात काढलेही, परंतु अशा उन्हात मागच्या पडद्यावर काय चालले आहे ते नीट दिसत नाही, आणि डोळा लावायची खिडकी या कॅमेऱ्याला नाही. मी हाताचा आडोसा करते आणि उरलेले अंदाजाने करते. सतत उन्हात काम करणाऱ्याने वरून बसवायची वेगळी दर्शिका घ्यावी. प्रकाश चौथ्या भागावर आणणारा एनडी फिल्टर मात्र आतच दिलेला आहे आणि त्याचा खरा उपयोग मला पावसाळ्यात ओहळाचे वाहते पाणी रेशमासारखे दाखवताना झाला.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या कॅमेऱ्याला पाण्यापासून संरक्षण देणारी बांधणी नाही. सांजावाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी विहिरीत उड्या घेणाऱ्या मुलांजवळ किंवा माशेलच्या चिखलकाल्यात, म्हणजे चिखलातल्या खेळांच्या उत्सवात, तो उघडा नेण्याचे धाडस मी केले नाही. चिखलकाला मी शेजारच्या घराच्या बलकांवावरून, म्हणजे पुढच्या ओट्यावरून, काढला आणि छायाचित्र दूरचे आले तरी ते पत्करले. पावसापेक्षा मोठा शत्रू दमट हवा आहे. हवेतली आर्द्रता बराच काळ 65 टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सवर बुरशी धरू शकते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदच्या घरात असते. मी कॅमेरा रोज रात्री रबरी कडा असलेल्या पापडांच्या हवाबंद डब्यात ठेवला. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसा आर्द्रतामापक. आकडा 40 ते 50 च्या मध्ये राहील असे पाहायचे. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असे समजावे. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात, मात्र ते खाण्याच्या भांड्यात कधीही तापवू नयेत. वर्षभरात लेन्सवर एकही डाग आलेला नाही.

एक चूक मी जुलैत केली ती इतरांनी टाळावी. कार्यालयातल्या वातानुकूलित खोलीत दिवसभर गार झालेला कॅमेरा मी पाचला खाली उतरताच बाहेर काढला आणि चालू केला. क्षणात लेन्सवर वाफ धरली. पुसावेसे वाटते, पण पुसू नये. त्यानंतर मी सुटण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घालून तोंड आवळत असे आणि बाहेर आल्यावर वीस मिनिटे तरी तो तसाच ठेवत असे. तेवढ्यात पिशवीतल्या पिशवीत तो बाहेरच्या हवेएवढा गरम होतो.

बॅटरी एका चार्जिंगवर सुमारे 200 छायाचित्रे देते असे कंपनीच सांगते. रोजच्या नेमाला ते पुरते, कारण माझी वर्षाची सरासरी दिवसाला सतरा-अठराच्या वर गेली नाही. पण 2025 च्या शिगम्यात चित्ररथांच्या मिरवणुकीला गेले तेव्हा दुसरी बॅटरी घेऊनच गेले, आणि ती लागली. कॅमेऱ्याच्या पोटात 2 जीबीची स्मृती आहे हे लोक विसरतात. एकदा कार्ड संगणकातच राहिले आणि मी बाणस्तारीच्या पुलावर पोचले होते. त्या दिवसाचे छायाचित्र त्या स्मृतीमुळे झाले.

ऑक्टोबरमध्ये मला डेंग्यू झाला आणि सहा दिवस मी खाटेवरून उठले नाही. नेम मोडणार असे घरच्यांनी गृहीत धरले होते. मोठा कॅमेरा त्या हातांनी उचललाच गेला नसता. हा उशीजवळ होता. त्या सहा छायाचित्रांत पाण्याचा स्टीलचा पेला आहे, मच्छरदाणीच्या जाळीतून फुटलेला सकाळचा उजेड आहे, आईने सोललेल्या मोसंबीच्या साली आहेत, आणि एक तर नुसते छताचे वासे आहेत. मालिका पाहणारे बहुतेक जण या सहांपाशी थांबतात.

रोज एकच निवडण्याचे बंधन मी स्वतःला घातले होते आणि रात्री दहापूर्वी निवड पक्की करायची असा नियम ठेवला होता. अमेरिकेतल्या जेमी लिव्हिंगस्टन या छायाचित्रकाराने 31 मार्च 1979 पासून 25 ऑक्टोबर 1997 रोजी मृत्यू येईपर्यंत रोज एक पोलरॉइड काढले. पोलरॉइडला प्रत काढल्या काढल्या हातात येते आणि प्रत्येक प्रतीचे पैसे पडतात, त्यामुळे तिथे हात आपोआप आवरता राहतो. डिजिटलमध्ये तो आवर स्वतः घालावा लागतो. या कॅमेऱ्यात ‘पॉझिटिव्ह फिल्म’ नावाची रंगांची मांडणी आहे. मी ती कायम ठेवली आणि संगणकावर रंगांशी खेळणे बंद केले, म्हणून रात्रीची निवड दहा मिनिटांत उरकत असे. संपूर्ण वर्ष एका रंगात बांधले गेले, हा त्याचा दुसरा लाभ.

दूरच्या गोष्टींसाठी हा कॅमेरा नाही. मोल्याच्या रानात धनेशाची जोडी माथ्यावरून गेली, तिचे माझ्याकडे दोन ठिपके आहेत. आतल्या आत कापून 35 किंवा 50 मिलिमीटरसारखे दृश्य घेता येते, पण 50 वर 24 मेगापिक्सेलचे सातच्या आसपास उरतात. पक्षी, सामने, व्यासपीठावरचे नाटक यांत ज्यांचा जीव आहे त्यांनी या कॅमेऱ्यावर वर्ष काढायला जाऊ नये.

वर्ष संपल्यावर मी साऱ्या 365 प्रती छापून घेतल्या आणि तिथे एक धडा मिळाला. या कॅमेऱ्याची चौकट 3 : 2 प्रमाणाची आहे. पहिल्या पन्नास प्रती मी 5 × 7 इंचांत मागितल्या. ज्या स्टुडिओत दिल्या तिथे न विचारता कडा कापून त्या मापात बसवल्या गेल्या. बांगडेवालीच्या कोपऱ्यातली टोपली अर्धी गेली आणि पैसे परत मिळाले नाहीत. 4 × 6 इंचांचा कागद नेमका 3 : 2 चा असतो, त्यात काहीच कापले जात नाही. उरलेल्या प्रती आणि त्या पन्नास पुन्हा, अशा सगळ्या मी दुसरीकडे 4 × 6 मध्ये काढल्या. छापायला देताना ‘कडा कापू नका’ असे पाकिटावर लिहून द्यावे.

2025 मध्ये जीआर 4 बाजारात आला आहे, त्यामुळे जीआर 3 आता वापरलेल्या स्थितीत अधिक सहज मिळू लागेल. घेताना कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करून लेन्स बाहेर येताना अडखळत नाही ना हे कान देऊन ऐकावे, टॉर्चच्या उजेडात काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत नाहीत ना हे पाहावे, कारण किनारपट्टीवर वापरलेल्या कॅमेऱ्यात बुरशीची शक्यता नेहमी धरावी. शेवटी अॅपर्चर एफ 16 वर आणून स्वच्छ पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून कोपऱ्या-कोपऱ्यात तपासावे; सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके तिथे दिसतात. मडगावला मी त्या छायाचित्रकाराच्या ओटीवर बसून हेच केले, भिंत स्वच्छ आली, आणि मगच पैसे काढले.